बाबांनी बुजवलेला चेंबर

माझ्या बाबांचं नाव उकंडा. शाळेत वडिलांचं नाव सांगायची वेळ आली की मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची आणि मागच्या बाकावरच्या पोट्ट्या फिदीफिदी हसायच्या. घरी येऊन मी आजीवर राग काढायची, की तुला दुसरं नावच सापडलं नाही का? आजी म्हणायची, "तुह्या बापाच्या आंधी तीन गेले माह्ये. मंग काय करू?" चौथं लेकरू झालं तेव्हा तिनं ते सुपात घातलं, उकिरड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उकंड्यावर, नेऊन ठेवलं, शेजारणीनं उचललं आणि मूठभर ज्वारी घेऊन आजीला परत दिलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण पाहत नाही, अशी समजूत. आमच्या घरानं धम्म घेऊन दहा वर्षं झाली होती, आजोबांना असलं काही पटत नव्हतं, पण तीन लेकरं मातीत घातलेल्या बाईपुढे कोण बोलणार. मरण बाबांकडे फिरकलं नाही हे खरं. भीतीनं मात्र त्यांना त्या उकिरड्यावरच हेरलं असावं.

मांडवखेड नगर परिषदेत बाबा तीस वर्षं व्हॉलमन होते. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं हे त्यांच्या हातातल्या चार फुटी लोखंडी चावीवर ठरायचं. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चेंबरमध्ये चावी घालायची, मोजून आटे फिरवायचे. नोकरी लागली त्या दिवशी आजोबा ती चावी मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. ज्या गावानं आपल्याला वरून पाणी ओतलं त्या गावाची चावी आता माझ्या पोराच्या हाती, असं म्हणून म्हातारा रडला. तेव्हापासून बाबांना एकच धाक, की ही चावी हातातून गेली तर?

बाबा कशाला भ्यायचे आणि कशाला नाही, याचा काही मेळ नव्हता. चेंबरमध्ये नाग निघाला तर चावीच्या टोकानं बाजूला सारून काम करायचे. पण ऑफिसचा शिपाई लिफाफा घेऊन दारात आला की हातपाय गार. आधी मडक्यातलं पाणी प्यायचे, मग मला हाक मारायचे, "मोनाली, पाह्य बरं काय हाय थे." बहुतेक वेळा आत पोलिओ डोसाच्या ड्युटीचा कागद असायचा. माझी आई सत्यशीला भूत, राक्षस काही मानत नाही. तरी 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण तिनं खास बाबांसाठी राखून ठेवली होती.

आता बारवेचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन अडतं. आठवडी बाजाराच्या मागे, जुन्या कापूस जिनिंगच्या भिंतीला लागून ती आहे. दगडी विहीर, पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरायची. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जसं खाली उतरावं लागतं तसंच, फक्त इथं देव नाही, नुसतं पाणी. किती जुनी हे कोणालाच माहीत नाही. पलीकडच्या तांड्यातले लोक म्हणतात, आमच्या लमाणांनी बांधली; बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते या वाटेनं जायचे, मुक्कामाला पाणी पाहिजे म्हणून. बांधताना त्यांनी कोणाला मनाई केली नव्हती. मनाई गावानं नंतर केली. आजीच्या लहानपणी आमच्या लोकांनी पायरीवर पाय ठेवायचा नाही. घागर घेऊन वरच्या कठड्याशी उभं राहायचं. कोणाला दया आली तर तो खालून भरून आणणार आणि वरून ओतणार. पुढं नळ आले, बारव कचऱ्याची झाली, आणि मनाई कोणी केली होती तेही गाव सोयीनं विसरलं. आजी काही विसरली नाही.

बाबा रोज सकाळी टाकीवरून परत येताना त्या कठड्याशी थांबायचे. वरूनच पायऱ्या मोजायचे, पाण्याच्या वर किती उघड्या आहेत त्या. भर उन्हाळ्यात नऊ, पावसाळ्यात चार. मग दहा-बारा पावलं मागे येऊन चावीचं टोक जमिनीला टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचे. व्हॉलमन लोक गळती अशीच ऐकतात. जमिनीखाली पाणी चालत असलं तर लोखंडातून त्याचा आवाज कानात येतो. हा नेम अकरा वर्षं. आई मला म्हणायची, "तुह्या बापाची तठी कोनी बसली हाय का, जाऊन पाह्य एखाद्या दिवशी." मी समजायची, माणसाला त्या जागेची माया आहे. कसली माया आणि कसलं काय.

मी त्याच नगर परिषदेत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. गेल्या वर्षी वरून पत्र आलं, शहराच्या विकास आराखड्यासाठी वारसा स्थळांची यादी करा. आमच्या ऑफिसात फाइल आपल्या पायानं चालत नाही, पण या पत्राला मुदत होती, म्हणून हलली. अमरावतीहून ममता मॅडम आल्या, जुन्या बांधकामांच्या जाणकार. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सगळं समजावून सांगितलं. गावभर फिरून प्रत्येक जुन्या जागेचा फॉर्म भरायचा: मालक कोण, वय किती, कशानं बांधली, आज कशी आहे, महत्त्व काय, धोका कशापासून. मग कच्ची यादी फलकावर लावायची, पेपरात द्यायची, आणि तीस दिवस लोकांच्या हरकती-सूचना घ्यायच्या. त्यानंतर सुनावणी, मग श्रेणी, मग पक्की यादी. पक्क्या यादीत नाव आलं की परवानगीशिवाय तिथला दगडही कोणाला हलवता येत नाही. "आणि यादीत नाव नाही आलं तर?" मी विचारलं. "मग जेसीबी आणा आणि बुजवा. यादी म्हणजे त्या जागेचं रेशन कार्ड समज. ते नसलं की कोणी विचारत नाही," मॅडम म्हणाल्या.

मॅडमना गाव दाखवायला माणूस पाहिजे होता. गल्लीन्‌गल्ली कोणाला पाठ? व्हॉलमनला. बाबा पाच दिवस त्यांच्यासोबत फिरले. वेस, दर्गा, डाकबंगला, जिनिंगची चिमणी, आमच्या वॉर्डातलं जुनं विहार, असे सतरा फॉर्म मी टाइप केले. कच्ची यादी फलकावर लागली. तिच्यात बारव नव्हती. मी स्वतःच्या बोटांनी ती यादी टाइप केली आणि मला दिसलं नाही, ही माझी अक्कल.

दिसलं उत्तमसिंग काकांना. तांड्यातले उत्तमसिंग आडे बाबांचे जुने दोस्त. एक जयभीम म्हणतो, दुसरा राम राम म्हणतो, आणि मग दोघं एकाच बिडीवर अर्धा तास काढतात. काकांनी फलकापुढे उभं राहून यादी तीनदा वाचली आणि माझ्या टेबलाशी आले. राग आला की ते तांड्याच्या गोरबोलीवर येतात. "ई बारव हमार छ," ते म्हणाले, आणि मग मला कळावं म्हणून, "आमची बारव हाय थे. आमच्या बुढ्यांनी बांधली. मॅडमले दाखवली काहून नाई?"

"बाबा विसरले असतील, काका."

"तुह्या बापाले म्या डोयानं पाह्यलं. जिनिंगच्या भिंतीपर्यंत आनलं बाईले, अन् तिथून गुजरीच्या गल्लीत वळवून नेलं. रोज जाते थो तठी. इसरन कसा?"

मी काकांचा सूचनेचा अर्ज लिहून घेतला, शिक्का मारला, पोच दिली. संध्याकाळी बाबांना विचारलं. "इसरलो," ते म्हणाले, आणि लागोपाठ दोन ग्लास पाणी प्यायले. लिफाफा नव्हता, शिपाई नव्हता, तरी पाणी. तेव्हाच मला काहीतरी खटकायला पाहिजे होतं.

एकोणतिसाव्या दिवशी काकांच्या सूचनेवर सदाशिवरावांची हरकत आली. सदाशिवराव माजी नगरसेवक. बारवेच्या जागेवर बाजार संकुल बांधून दुकानं देतो, असा शब्द ते अर्ध्या बाजाराला देऊन बसलेले. अर्जात लिहिलं होतं: सदर बारव ही केवळ कचऱ्याचा खड्डा असून तिच्यातील पाणी नगर परिषदेच्या फुटक्या नळाचे आहे, सबब तिला वारसा यादीत घेऊ नये व ती बुजवण्यात यावी. मला त्या 'फुटक्या नळाचं' हसूच आलं. रात्रीच्या जेवणात मी सोंग काढून तो अर्ज घरी म्हणून दाखवला.

बाबांच्या हातातला भाकरीचा तुकडा वरणात बुडाला आणि तिथंच राहिला. चेहरा असा पांढरा पडला की आईनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "काय झालं वो?" बाबा ताट सारून उठले. मला वाटलं, सदाशिवरावांशी काही जुनं भांडण असेल.

मुख्याधिकारी साहेबांनी फाइलवर शेरा मारला, की पाणीपुरवठा विभागानं बारवेतल्या पाण्याच्या स्रोताबाबत सुनावणीआधी लेखी अहवाल द्यावा. इंजिनिअर साहेबांनी तो कागद बाबांपुढे सरकवला. "उकंडा, लाइनचं तुलेच माहीत. गळती हाय का नाई थे लिहून दे, मी खाली सही करतो." लिहून द्यायचं. बाबांना. ज्या माणसाला पोलिओच्या कागदाची धडकी भरते त्याला.

त्या दिवसापासून बाबा जेवेनात. चावी दारामागे ठेवायचे ती उशाशी घेऊन निजायला लागले. दार वाजलं की दचकायचे; एकदा दूधवाल्यालाच "मी नाई, मी नाई" म्हणाले. आईनं तेव्हापासून टोमणे मारणं बंद केलं, आणि आईनं टोमणे बंद केले म्हणजे गोष्ट साधी नाही, हे मला कळलं. मलाही भीती वाटायला लागली, आणि कशाची हे माहीत नसलेली भीती फार वाईट.

रविवारी सकाळी मी त्यांच्या मागोमाग बारवेपर्यंत गेले. ते जमिनीला चावी टेकवून, कान लावून, डोळे मिटून उभे होते. मी म्हटलं, "बाबा, आता सांगा." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग एकदाचं सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वीचा मे महिना. गावाला आठव्या दिवशी पाणी मिळायचं. धरणावरून टाकीत येणारी मोठी लाइन बारवेपासून दहा-बारा पावलांवरून जाते, तिथं एक व्हॉल होता, गंजून बसलेला. बाबांनी जोर लावला, हातोडा मारला, आणि बाजूचा जॉइंट तडकला. पाणी माणसाच्या उंचीएवढं उडालं. त्या दिवसांत पाणी वाया घालवणाऱ्याला लोकांनी भर बाजारात चोपलं असतं आणि ऑफिसनं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. बाबांनी टाकीवर पळत जाऊन लाइन तासभर बंद केली, सायकलची ट्यूब फाडून जॉइंटवर आवळली, वर गोणपाट, वर सिमेंट. मग तो चेंबरच गिट्टी-मातीनं भरला, वर फरशी टाकली. नोंदवहीत लिहिलं, व्हॉल निकामी, चेंबर बंद. दुसऱ्या दिवशी येऊन चावीला कान लावला, तर खाली पाणी चाललेलं. तिसऱ्या दिवशीही. आणि बारवेत डोकावलं तर भर मे महिन्यात पाणी नवव्या पायरीवर.

"माह्यंच पानी हाय थे, मोना," बाबा म्हणाले. "गावाच्या तोंडचं पानी म्या अकरा वर्सं या खड्ड्यात घातलं. मॅडमले इकडं आनलं असतं तं तिनं इचारलं असतं, पानी कुठून येते. मी काय सांगू?"

मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. अकरा वर्षं. माझं कॉलेज झालं, आजी गेली, आणि हा माणूस रोज सकाळी आपल्या गुन्ह्याला कान लावून येत होता. मी म्हटलं, "एकदा खोदून का नाही पाहिलं?"

"खोदलं अन् गळती दिसली तं?"

"आणि नसती दिसली तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही शक्यता त्यांच्या मनाला कधी शिवलीच नव्हती.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, लिहून द्या, गळती नाही. कोण खोदायला येणार आहे? निवृत्तीला सात महिने राहिलेत. बाबांनी मान हलवली. सदाशिवराव खोदायला लावल्याशिवाय राहायचा नाही, आणि मग खोटं लिहिल्याचा गुन्हा वर. गळती आहे असं लिहावं तर बारव जाणार. काहीच लिहू नये तर कामचुकार ठरणार. "कुनीकडूनबी मरनच हाय," ते म्हणाले. घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. मी लहान असताना बाजारात मी त्यांचा धरायची, तसा.

अहवाल त्यांनी लिहिलाच नाही. सुनावणीच्या दिवशी इंजिनिअर साहेब त्यांच्यावर खेकसले आणि म्हणाले, तूच ये आणि मुख्याधिकारी साहेबांना तोंडी सांग. सभागृहात मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन नोंदी घेत होते. बाबा दाराशी उभे, हातात चावी. तिच्यावर टेकलेले.

आधी उत्तमसिंग काका बोलले. साहेबांनी विचारलं, तुमच्या पूर्वजांनी बांधली याला पुरावा काय? काका म्हणाले, "साहेब, आमच्या बुढ्यांनी बैलावर मीठ वाह्यलं. कागद नाई वाह्यले." दोन-चार लोक हसले. काकांचे कान लाल झाले. मॅडम उठल्या. त्या म्हणाल्या की काल त्यांनी बारव पाहिली. कागद नसला तरी बांधणी जुनी आहे, पण बरेच दगड लोकांनी नेलेत. "खाली जिवंत झरा असेल तर ही बारव आजही आपलं काम करते आहे, आणि मी तिला दुसऱ्या श्रेणीसाठी भांडेन. पाणी नळाचं असेल तर मला आग्रह धरता येणार नाही." झालं. सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं.

सदाशिवराव खुर्चीतूनच वळले. "उकंडा, सांग ना गा. पानी तुह्या नळाचं हाय का नाई?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बाबा दोन पावलं पुढं आले. त्यांच्या हातातल्या चावीचं टोक फरशीवर खडखड वाजायला लागलं. मी टाइप करायचं थांबले. मनात मी म्हणत होते, बाबा, नाही म्हणा, नाही म्हणा, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की माझ्या बापानं आज खोटं बोलू नये.

"साहेब, मले वाटते गळती हाय," बाबा म्हणाले. "अकरा वर्सं झाले. माह्या हातानं जॉइंट फुटला. म्या सांगतलं नाई. चेंबर बुजवून टाकला. माह्यी नोकरी घ्याची तं घ्या. पन बारव बुजवाच्या आंधी एक डाव खोदून पाहा. माह्या मायनं लय दिवस पानी पाह्यलं तिचं. वरूनच पाह्यलं." एवढं बोलून ते खाली बसले. खुर्ची नव्हती, फरशीवरच.

सदाशिवराव म्हणाले, "आता आनखी काय पाह्याचं राह्यलं?" मला वाटलं, संपलं सगळं. साहेबांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, उद्या सकाळी दहा वाजता सगळ्यांसमक्ष चेंबर उघडा. पंचनामा करा. मग बघू.

दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार नव्हता, तरी अर्धा बाजार जमला. दोन मजुरांनी फरशी उचलली. कुदळीचा एकेक घाव पडत होता आणि बाबांचे डोळे मिटलेले. आईनं त्यांचा दंड धरून ठेवला होता. मला माझी नोकरी गेलेली दिसत होती, बाबांच्या निलंबनाचा कागद दिसत होता, तोही मलाच टाइप करावा लागणार. फूटभर माती निघाली. दोन फूट. गिट्टी निघाली. मजूर थांबला आणि म्हणाला, "कोरडं हाय जी."

बाबांनी डोळे उघडले.

चेंबरच्या तळाला लाइन दिसत होती. जॉइंटवर बाबांचं सिमेंट, खाली गोणपाटाच्या दशा, खाली काळी ट्यूब. सगळं खडखडीत कोरडं. गोणपाटात कोळ्याचं जाळं, तेही धुळीनं भरलेलं. मॅडमनी वाकून बोट फिरवलं आणि धूळ सगळ्यांना दाखवली. सायकलच्या ट्यूबनं आवळलेला माझ्या बापाचा जॉइंट अकरा वर्षांत एक थेंब गळला नव्हता.

"असं कसं," बाबा म्हणाले. "आवाज येते नं." त्यांनी चावी जमिनीला टेकवली, कान लावला. "आताबी येते." मॅडमनी ऐकलं, मग साहेबांनी ऐकलं. साहेबांनी टाकीवर फोन करून मोठी लाइन बंद करायला लावली. अर्धा तास सगळे उन्हात उभे. मग बाबांनी चावी आधी लाइनला लावली. लाइन मुकी. मग जमिनीला. चावी त्यांनी उत्तमसिंग काकांपुढे धरली. काकांनी कान लावला आणि म्हणाले, "चालू हाय."

झरा होता तो. पहिल्यापासून झराच होता. त्या फुटलेल्या जॉइंटच्या दिवसाआधीपासून, आजीच्या आधीपासून, कदाचित उत्तमसिंग काकांच्या बुढ्यांचे बैल आले त्याच्याही आधीपासून.

"पन पानी वाढलं होतं," बाबा आईला म्हणाले, अजून मानायला तयार नाहीत. "त्या मे महिन्यात नवव्या पायरीवर होतं."

"त्याच्या आंधी कधी मोजल्या होत्या तुमी पायऱ्या?" आईनं विचारलं.

बाबांनी कठड्याकडे पाहिलं. त्याआधी त्यांनी कधीच मोजल्या नव्हत्या.

सुखानं संपलं असं समजू नका. चेंबर बुजवून ठेवल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस निघाली आणि ती मीच टाइप केली. शिपायानं ती घरी आणली तेव्हा बाबा सवयीनं पाणी प्यायले. ताकीद मिळाली, चावी वाचली, सात महिन्यांनी ते रीतसर निवृत्त झाले. सदाशिवराव अजून बोलत नाहीत आमच्याशी. बारव मात्र पक्क्या यादीत आली, अठराव्या नंबरवर, श्रेणी दोन. फॉर्ममध्ये 'माहिती देणाऱ्याचे नाव' असा रकाना असतो. तिथं मी उकंडा मनवर असं टाइप केलं, तोंडातल्या तोंडात नाही, मोठ्यानं म्हणत.

पण मला सांगायचं आहे ते त्या खोदकामाच्या दुपारचं. लोक पांगले, साहेबांची गाडी गेली, पंचनाम्यावर सह्या झाल्या. बाबा कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि सवयीनं मोजायला लागले. वरूनच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अकरा वर्षांत हा माणूस रोज इथं आला आणि एकदाही खाली उतरला नाही. आजी उभी राहायची त्याच दगडाशी उभा राहिला.

आईच्याही ते ध्यानात आलं असावं. तिनं लुगडं वर खोचलं आणि कचरा पायानं सारत सरळ खाली गेली. पाण्याशी बसून तिनं ओंजळ भरली, तोंडावर मारली. "थंडगार हाय," ती खालून म्हणाली. "या खाली."

बाबा हलले नाहीत. कठडा धरूनच म्हणाले, "सत्यशीला, गळत नव्हतं तं मंग अकरा वर्सं मी कायले भेलो वं?"

"अकरा कुठी?" आई म्हणाली. "जनमभर भेले तुमी. उतरा आता."

बाबांनी चावी माझ्या हातात दिली. मग चपला काढल्या, आणि का काढल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले, मागून कोणी हाक मारेल असं वाटत असावं. कोणी मारली नाही. ते मोजत उतरले, मोठ्यानं. सातवी, आठवी, नववी. आणि मग पाण्याखालची दहावी.